जुन्या सी-टेन पिकअपला व्ही-एट इंजिन बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती एका ठरावीक गाडीबद्दल आहे. १९६७ ते १९७२ या काळात निघालेली शेव्हरोले सी-टेन, अर्धा टन माल वाहण्याच्या वर्गातली, टू-व्हील ड्राइव्ह, आणि बॉनेटखाली कारखान्यातून आलेलं २५० घन इंचांचं, म्हणजे साधारण ४.१ लिटरचं, सरळ सहा सिलिंडरचं इंजिन. त्याजागी बसवायचं आहे ते जनरल मोटर्सच्याच १९९९ नंतरच्या पिकअप आणि एसयूव्हीमधलं ५.३ लिटरचं व्ही-एट, म्हणजे व्ही आकारात मांडलेल्या आठ सिलिंडरचं इंजिन. अमेरिकेत राहणारी, घराला गॅरेज असलेली आणि शनिवार-रविवारी हात काळे करायची हौस असलेली मराठी मंडळी डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलंय. भारतातून विचारणाऱ्यांसाठी शेवटाकडे एक उत्तर आहे, पण ते फारसं आवडणार नाही.

जुनं सहा सिलिंडरचं इंजिन वाईट आहे का? बदलायचंच कशाला?

अजिबात वाईट नाही. सात मेन बेअरिंगवर फिरणारी क्रँक, सगळं हाताशी, दुरुस्तीला एक साधी पान्यांची पेटी पुरते. गाडी फक्त गावातल्या गावात, दुकानातून लाकूड नि सिमेंटची पोती आणायला वापरणार असाल, तर हेच इंजिन नवीन रिंगा-बेअरिंग घालून बांधून घ्या आणि पुढचं वाचू नका.

अडचण हायवेवर येते. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा तीन गिअरचा गिअरबॉक्स, ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिन कमी फिरवणारा वरचा गिअर) नाही, त्यात मागे ट्रेलर किंवा आत एसी असेल तर इंजिन सतत बोंबलत राहतं. ताकदीचे आकडे बघताना एक ध्यानात ठेवा. १९७१ च्या माहितीपत्रकात या इंजिनाची ताकद १४५ हॉर्सपॉवर लिहिलेली असते आणि १९७२ च्या माहितीपत्रकात ११०. इंजिन तेच, मोजायची पद्धत बदलली. आधी पंखा, एअर क्लीनर, सायलेन्सर काही न लावता नुसतं इंजिन स्टँडवर चालवून मोजायचे. १९७२ पासून सगळं लावून मोजायला लागले. ५.३ लिटरच्या इंजिनाचे २८५ हॉर्सपॉवर हे सगळं लावून मोजलेले आहेत. म्हणजे तुलना ११० शी करायची, १४५ शी नव्हे. अडीच पटीहून जास्त फरक पडतो आणि तो पहिल्याच चढाला कळतो.

५.३ च का? लोक ३५० घन इंचांचं बसवतात ना?

बसवतात, आणि त्यात चूक काही नाही. शेव्हरोलेचं स्मॉल-ब्लॉक व्ही-एट १९५५ पासूनचं, या पिकअपमध्ये ३५० कारखान्यातूनच मिळायचं, त्यामुळे माउंटिंगपासून रेडिएटरपर्यंत सगळं तयार मिळतं. कार्बोरेटर, डिस्ट्रिब्यूटर, चार वायरी, झालं. ज्यांना कॉम्प्युटर आणि सेन्सर म्हटलं की अंगावर काटा येतो त्यांनी सरळ ३५० घ्यावं.

५.३ नेमकं ५,३२७ सीसीचं, म्हणजे जेमतेम ३२५ घन इंच. तुमच्या जुन्या इंजिनापेक्षा मोठं, पण ३५० पेक्षा लहानच. तरी ते घ्यावं, कारण थंडीत पहिल्या चावीला चालू होतं, डोंगरावर चढलं तरी हवेचं-पेट्रोलचं प्रमाण स्वतः सांभाळतं, आणि दोन लाख मैल चाललेलं इंजिनसुद्धा आतून बऱ्याचदा चांगलं निघतं. शिवाय ज्या गाड्यांत ते आलं त्या लाखोंनी विकल्या गेल्या, त्यामुळे भंगार यार्डात ते हमखास सापडतं.

बाकीचे पर्याय थोडक्यात सांगतो. ४.८ लिटरचा ब्लॉक ५.३ चाच असतो, फक्त स्ट्रोक कमी. स्वस्तात मिळालं तर नाक मुरडू नका. ६.० लिटरचं इंजिन जड कामाच्या पिकअपमध्ये येतं, ताकद जास्त आणि पेट्रोलही जास्त पितं. सहा सिलिंडरच ठेवून २९२ घन इंचांचं बसवायचं म्हणाल तर ते दिसतं सोपं, पण त्याचा ब्लॉक उंच असतो आणि उजव्या बाजूचं माउंटिंग २५० च्या जागेवर येत नाही. आणि कुणीतरी पावाच्या व्हॅनमधून काढलेलं कमिन्सचं ३.९ लिटरचं चार सिलिंडर डिझेल सुचवेलच. ते इंजिन चिवट आहे, पण वजनाने भारी आणि थरथर इतकी की आरशात मागचं काही दिसायचं नाही. ट्रॅक्टर चालवायची हौस असेल तर घ्या.

यार्डातून नुसतं इंजिन आणू की गिअरबॉक्ससकट?

माझं मत ठाम आहे: शक्य असेल तर अख्खी गाडी विकत घ्या. गंजलेली, ठोकलेली, पण चालू स्थितीतली १९९९ ते २००७ मधली सिल्व्हराडो किंवा २००० ते २००६ मधली टाहो, सबर्बन. इंजिन हा या कामातला सोपा भाग आहे. पैसे आणि महिने खातात ते इंजिनाभोवतीचे तुकडे: वायरिंग हार्नेस, कॉम्प्युटर, त्याचे ब्रॅकेट, एक्सलरेटरचं पेडल, ऑक्सिजन सेन्सर, सेल्फ, फ्लेक्सप्लेट, एवढंसं कनेक्टर. नुसतं इंजिन आणलं की यातली प्रत्येक गोष्ट वेगळी शोधावी लागते, आणि प्रत्येकाचं टपालही वेगळं भरावं लागतं. अख्खी गाडी आणली तर इंजिन काढायच्या आधी ते चालवून, आवाज ऐकून, ऑइलचा दाब बघून घेता येतं. काम झाल्यावर उरलेले दरवाजे, सीट, चाकं विकून बरेच पैसे परत येतात.

अख्खी गाडी ठेवायला जागा नसेल तर किमान इंजिन, गिअरबॉक्स, हार्नेस आणि कॉम्प्युटर एकाच गाडीतून घ्या. हार्नेस कापून देणाऱ्या यार्डापासून लांब राहा.

५.३ म्हणून दुसरंच काही गळ्यात मारतील का?

मारू शकतात. ४.८ आणि ५.३ बाहेरून सारखी दिसतात, ब्लॉकवर दोन्ही आकडे एकत्रच ओतलेले असतात. म्हणून गाडीचा व्हीआयएन, म्हणजे ओळख क्रमांक, बघा. त्यातलं आठवं अक्षर ‘टी’ असेल तर नेहमीचं लोखंडी ब्लॉकचं ५.३. ‘झेड’ म्हणजे इथेनॉलवरही चालणारं ५.३. ‘व्ही’ म्हणजे ४.८, ‘यू’ म्हणजे ६.०. ‘बी’ दिसलं तर खिशात हात घाला. ते ॲल्युमिनियम ब्लॉकचं ५.३, ३१० हॉर्सपॉवरचं, वजनाला हलकं.

दुसरी गोष्ट थ्रॉटलची. सुरुवातीच्या वर्षांत एक्सलरेटरची साधी केबल असायची. २००३ च्या सुमारास बहुतेक गाड्यांत इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल आला. इलेक्ट्रॉनिक असेल तर पेडल आणि त्याचं वेगळं मॉड्यूल त्याच गाडीतून घ्या, मिश्र वर्षांचं चालत नाही. जुन्या पिकअपला केबलवालं सोयीचं पडतं.

२००५ नंतर हळूहळू नवी पिढी सुरू झाली. ओळखायची सोपी खूण म्हणजे क्रँक सेन्सर: जुन्या पिढीत काळा, नवीन पिढीत राखाडी. या दोघांचे कॉम्प्युटर एकमेकांना चालत नाहीत. नव्या पिढीच्या काही इंजिनांत हलक्या भाराला चार सिलिंडर बंद करायची सोय आहे आणि त्या सोयीचे लिफ्टर (व्हॉल्व्ह उचलणारे भाग) खराब व्हायची तक्रार जुनी आहे. पहिल्यांदाच हे काम करत असाल तर जुन्या पिढीचंच घ्या.

विकत घेण्याआधी काय बघायचं?

इंजिन गरम झाल्यावर ऑइलचा दाब. दाब कमी दिसला की लोक बेअरिंग गेली म्हणून इंजिन टाकून देतात, पण या इंजिनांत बऱ्याचदा दोष ऑइल पिकअप नळीच्या एका रबरी ओ-रिंगचा असतो. ती कडक होते, तिच्या फटीतून पंप हवा ओढतो. चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं पात्र) उघडून रिंग बदलली की दाब परत येतो. म्हणून दाब कमी म्हणून घासाघीस करा, पण लगेच पाठ फिरवू नका.

रेडिएटरमधलं पाणी कमी होतंय आणि बाहेर कुठेच गळत नाही, असं असेल तर सावध व्हा. ‘७०६’ क्रमांकाच्या हेडपैकी कॅस्टेक या छापाची काही हेड आतून चिरतात आणि पाणी थेंबाथेंबाने ऑइलमध्ये जातं. व्हॉल्व्ह कव्हर काढलं की हेडवर तो छाप दिसतो. ऑइलच्या झाकणाखाली साय दिसली तर तसंही सोडून द्या.

नॉक सेन्सर (इंजिनातली ठोक ओळखणारे) मात्र विसरू नका. या पिढीत ते इनटेक मॅनिफोल्डच्या खाली, ब्लॉकच्या खोबणीत बसवलेले असतात. वरून पाणी झिरपलं की मागचा सेन्सर त्या खळग्यात बुडून गंजतो. मॅनिफोल्ड काढून बघितलं तर सेन्सरभोवती तांबूस चिखल बसलेला असतो आणि कनेक्टर हातात भुगा होऊन येतो. इंजिन स्टँडवर आहे तोवर दोन्ही सेन्सर आणि त्यांची छोटी हार्नेस बदलून टाका. गाडीत बसल्यावर तेच काम करायला अर्धा दिवस मोडतो.

इंजिन जागेवर सरळ बसतं का?

लांबीला आणि रुंदीला मुबलक जागा आहे. या पिकअपच्या बॉनेटखाली माणूस उभा राहून काम करू शकतो. अडतं ते खालून.

सहा सिलिंडरच्या गाडीत इंजिनाचे पाय ज्या स्टँडवर टेकतात ते स्टँड व्ही-एटला चालत नाहीत. त्याच मॉडेलच्या व्ही-एट गाडीचे स्टँड घ्या आणि नव्या इंजिनाच्या ब्लॉकला जोडायच्या ॲडॉप्टर प्लेटा घ्या. बाजारात दोन्ही तयार मिळतात, वेल्डिंग लागत नाही.

चेंबर हा खरा घोळ. पिकअपमधल्या ५.३ चं चेंबर खोल असतं, क्रॉसमेंबरच्या, म्हणजे चेसिसच्या आडव्या दांड्याच्या, खाली लोंबतं. गाडी खाली उतरवलेली असेल तर पहिल्या स्पीडब्रेकरला ते फुटेल. १९९८ ते २००२ च्या कमॅरोचं चेंबर किंवा खास या कामासाठी बनवलेलं उथळ चेंबर लावा. चेंबर बदललं की आतली पिकअप नळी, ऑइल अडवणारी पट्टी आणि डिपस्टिकही त्याच जोडीची हवी. हे एकत्र संच म्हणून मागवा.

एसीचा कंप्रेसर मूळ ब्रॅकेटवर उजव्या बाजूला खाली बसतो आणि नेमका चेसिसच्या दांड्यावर येऊन आदळतो. वर बसवायचं वेगळं ब्रॅकेट मिळतं. काहीजण चेसिसलाच खाच पाडतात. ते करू नका.

इंजिन पहिल्यांदा आत सोडताना बोल्ट घट्ट करू नका. क्रेनच्या साखळीवर थोडं लटकतं ठेवा आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा. चेंबर आणि स्टिअरिंगच्या मधल्या दांड्यात बोट जाईल एवढी फट पाहिजे. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि स्टिअरिंग शाफ्टमध्येही तेच. हेडच्या मागच्या टोकाला फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीपाशी) हात घालून बघा, कारण ऑइलच्या दाबाचा सेन्सर तिथे मागे बसतो आणि पुढे कधीतरी तो बदलावा लागणारच आहे. तिन्ही जागा मोकळ्या दिसल्या की मगच बोल्ट आवळा.

गिअरबॉक्स कोणता ठेवू?

इंजिनासोबत आलेला चार गिअरचा ऑटोमॅटिक, म्हणजे फोर-एल-सिक्स्टी-ई, ठेवा. तोच कॉम्प्युटर दोन्ही चालवतो. पहिला गिअर ३.०६, शेवटचा ०.७०. हा शेवटचा आकडा म्हणजेच हे सगळं करण्याचं निम्मं कारण. मागचं डिफरन्शियल ३.७३ चं आणि टायर २८ इंचांचा धरला, तर ताशी ६५ मैलांना इंजिन साधारण २,०४० फेऱ्यांवर फिरतं. ओव्हरड्राइव्ह नसता तर २,९०० च्या वर गेलं असतं. मोठा ट्रेलर ओढायचा असेल तर फोर-एल-एटी-ई जास्त भक्कम, पण तो लांब आणि जड.

मॅन्युअल हवाच असेल तर जुना चार गिअरचा गिअरबॉक्सही जोडता येतो. बेलहाउसिंगचे (गिअरबॉक्स इंजिनाला जोडणाऱ्या कवचाचे) बोल्ट एखादा सोडला तर जुन्या शेव्हरोलेसारखेच आहेत. पण नव्या इंजिनाच्या क्रँकचं मागचं टोक जुन्यापेक्षा सुमारे ०.४ इंच आत असतं, त्यामुळे स्पेसर किंवा लांब पायलट बेअरिंग लागतं. हे न घालता जोडलं तर गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट आधाराविना फिरतो आणि काही दिवसांत आवाज सुरू होतो.

प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलेल. इंजिन-गिअरबॉक्स पक्के बसवून, गाडी चारी चाकांवर जमिनीवर उभी असताना माप घ्या, जॅकवर असताना नव्हे. लांब हौद्याच्या गाडीत शाफ्ट बहुधा दोन तुकड्यांचा असतो. मधलं बेअरिंग त्याच वेळी नवीन घाला.

स्पीडोमीटर? जुना केबलवर चालतो, नवा गिअरबॉक्स केबल देत नाही. विजेच्या सिग्नलवरून केबल फिरवणारी छोटी पेटी मिळते, ती लावली की डॅशबोर्ड मूळचाच राहतो.

पेट्रोलच्या टाकीचं काय?

या मॉडेलमध्ये टाकी सीटच्या पाठीमागे, चक्क केबिनच्या आत आहे. उन्हाळ्यात खिडक्या बंद केल्या की वास यायचा तो त्यामुळेच. कार्बोरेटरला पाच-सात पीएसआय दाब पुरायचा, ५.३ ला ५८ पीएसआय लागतो. इतक्या दाबाची नळी माणसांच्या पाठीमागे केबिनमध्ये ठेवायची कल्पना मला पटत नाही.

या निमित्ताने टाकी हौद्याखाली मागे न्या. त्याच काळातल्या ब्लेझरच्या मापाच्या टाक्या बाजारात मिळतात आणि त्यात आत बुडालेला पंप बसतो. चेसिसला बाहेरून लावलेला पंप स्वस्त पडतो, पण तो घूं घूं आवाज करतो आणि उन्हात तापला की दाब सोडतो. फिल्टर म्हणून सी-फाइव्ह कॉर्व्हेटचा वापरा; दाब नियंत्रित करणारा रेग्युलेटर त्यातच असतो, त्यामुळे परतीची नळी फक्त फिल्टरपासून टाकीपर्यंत न्यावी लागते. पुढे इंजिनापर्यंत एकच नळी. रबरी नळी वापरायची तिथे इंजेक्शनच्या दाबाचीच, कार्बोरेटरची नको.

वायरिंगची भीती वाटते. खरंच इतकं अवघड आहे?

दिसतं तेवढं नाही. स्वतंत्र हार्नेसला बाहेरून मोजक्याच गोष्टी द्यायच्या असतात: बॅटरीचा सततचा करंट, चावीवरचा करंट, पेट्रोल पंपाचा रिले आणि अर्थिंग. गडबड होते ती या मोजक्याच गोष्टींत.

चावीवरचा करंट सेल्फ मारतानाही मिळाला पाहिजे. जुन्या इग्निशन स्विचची रेडिओ-हीटरच्या वायरीचा करंट सेल्फ मारताना तुटतो. तिथून करंट घेतला तर सेल्फ फिरतो, इंजिन लागत नाही, आणि चावी सोडताच एखादवेळी फट्ट करून लागतं. तासन्‌तास लोक पंपावर संशय घेत बसतात. त्याहून फसवी जुनी कॉइलची वायर. ती फायरवॉलपासून पुढे मुद्दाम अडथळा असलेली वायर आहे, कॉइलला कमी व्होल्टेज मिळावं म्हणून. मल्टिमीटर नुसता टेकवला तर ती पूर्ण १२ व्होल्ट दाखवते, पण भार पडला की खाली येते. कॉम्प्युटरला त्यावर जोडू नका. चावीवरून फक्त एक रिले चालवा आणि कॉम्प्युटरचा करंट थेट बॅटरीवरून फ्यूजमधून त्या रिलेतून न्या.

अर्थिंगला कंजूषी नको. इंजिन ते चेसिस, चेसिस ते केबिन, इंजिन ते बॅटरी, तिन्ही जाड पट्ट्या, रंग खरवडून, चकचकीत लोखंडावर. पन्नास वर्षांच्या गंजावर अर्थ घेतलेल्या गाडीत सेन्सर काहीही बरळतात.

डायनामो आता स्वतःचा रेग्युलेटर आत घेऊन येतो, त्यामुळे बाहेरची जुनी रेग्युलेटरची डबी काढून टाका. डायनामोला जागवणाऱ्या पिनला थेट १२ व्होल्ट देऊ नका, आतला रेग्युलेटर जळतो. मध्ये चार्जिंगचा दिवा किंवा रेझिस्टर हवा, नाहीतर ती वायर कॉम्प्युटरकडूनच घ्यायची.

चालू होतं आणि दोन सेकंदांत बंद पडतं. पंप गेला का?

बहुतेक वेळा नाही. चोरी रोखणारी यंत्रणा अजून जागी आहे. कॉम्प्युटरला वाटतंय गाडी चोरीची, म्हणून तो इंजेक्टर बंद करतो. एका अर्थी त्याचं बरोबरच आहे. कॉम्प्युटर पुन्हा प्रोग्राम करून घेताना ही यंत्रणा, मागचे ऑक्सिजन सेन्सर आणि टाकीच्या वाफांची तपासणी बंद करून घ्या. पंखे किती तापमानाला लागावेत, टायर नि डिफरन्शियलचा आकडा काय, हेही त्याच बैठकीत घालून घ्या, म्हणजे गिअर योग्य वेगाला बदलतात.

मूळचे काटे चालतील का?

चालतात, पण प्रत्येकाला आपला जुना सेन्सर हवा. कॉम्प्युटरचा तापमानाचा सेन्सर कॉम्प्युटरसाठीच ठेवा. काट्यासाठी दुसऱ्या हेडमधलं बूच काढून ॲडॉप्टरने जुना सेन्सर बसवा. ऑइलच्या दाबाचंही तसंच.

इंजिन गरम होतं. रेडिएटर मोठा घेतला तरी?

सहा सिलिंडरचा रेडिएटर मुळातच लहान, तो बदलावा लागतोच. पण मोठा लावूनही तापत असेल तर हेडवरची वाफेची बारीक नळी बघा. या इंजिनांत हेडच्या वरच्या कोपऱ्यात वाफ अडकू नये म्हणून एक पातळ नळी दिलेली असते. ती रेडिएटरच्या वरच्या टोकाला किंवा पंपाच्या वरच्या बाजूला जोडायची असते. कुठे जोडायची कळत नाही म्हणून अनेकजण ती बूच मारून बंद करतात. मग आत हवेचा फुगा राहतो आणि काटा उगाच वरखाली नाचतो.

ब्रेक बदलायलाच हवेत का?

हो. यावर चर्चा नाही. १९७१ पासून पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक कारखान्यातून आले; १९७० आणि आधीच्या गाड्यांना चारी ड्रम. अडीच पट ताकद घालून चार ड्रमवर विश्वास ठेवणाऱ्याच्या शेजारी मी बसणार नाही. १९७१-७२ चे पुढचे भाग जुन्या गाडीला बसवता येतात, पण तेव्हापासून चाकाचे बोल्ट सहाचे पाच झाले, म्हणजे मागचे एक्सलही बदला किंवा सहा बोल्टचा डिस्कसंच घ्या. पैसे कमी पडत असतील तर इंजिन पुढच्या वर्षी घाला, ब्रेक आधी.

नोंदणी, स्मॉग, विमा?

प्रत्येक राज्याचं वेगळं. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना स्मॉग तपासणी नाही, त्यामुळे आपल्या गाडीला त्रास नाही. १९७६ ची किंवा नंतरची चौकोनी पिकअप असती, तर नवं इंजिन गाडीच्याच वर्षाचं किंवा नंतरचं, त्याच्या सगळ्या प्रदूषणरोधक भागांसह बसवून सरकारी रेफरीकडून पास करून घ्यावं लागलं असतं. टेक्ससमध्ये खाजगी गाड्यांची दरवर्षीची सुरक्षा तपासणी १ जानेवारी २०२५ पासून बंद झाली. काही काउंट्यांत धूर तपासणी आहे, पण ती २४ वर्षांपर्यंतच्या गाड्यांना.

तपासणी नसली तरी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ठेवा. ताकद जाणवण्याइतकी कमी होत नाही आणि घरी आल्यावर कपड्यांना पेट्रोलचा वास येत नाही. विमा कंपनीला बदल लेखी कळवा आणि ठरलेल्या किमतीचा विमा घ्या. इंजिन जिथून घेतलं त्याची पावती जपून ठेवा, चोरीच्या मालाचा प्रश्न आला तर तीच उपयोगी पडते.

हे सगळं घरच्या गॅरेजमध्ये होईल का?

होतं. दोन टनांची इंजिन क्रेन, इंजिन स्टँड, भक्कम जॅकस्टँड आणि एक मदतनीस. क्रेन भाड्यानेही मिळते. बॉनेट काढा, पुढची ग्रिल आणि रेडिएटरचा आधारही काढा. मग इंजिन आणि गिअरबॉक्स जोडूनच एका झोकात आत जातात. अख्खी दाता गाडी ड्राइव्हवेत उभी करणार असाल तर आधी सोसायटीचे, म्हणजे एचओएचे, नियम वाचा. इंजिन येण्याआधी नोटीस यायची.

हिशेब करताना इंजिनाची किंमत आली की तेवढीच रक्कम दोनदा तरी पुन्हा बाजूला ठेवा. तीही पुरेलच असं नाही.

मायलेज वाढेल का?

हायवेवर बहुधा वाढेल. गावात तुमच्या उजव्या पायावर आहे.

भारतात माझ्या जुन्या पिकअपला असं करता येईल का?

एके काळी आपल्याकडे पेट्रोलच्या विलिस जीपना डिझेल इंजिनं बसवून देणारे मिस्त्री गावोगाव होते, चेन-कुप्पीवर झाडाखाली काम व्हायचं. आता कायदा आड येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातली माहिती कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. सीएनजी, एलपीजी किंवा विजेवर न्यायचं मान्यताप्राप्त किट हा अपवाद आहे. खराब झालेल्या इंजिनाजागी त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन घालून आरटीओत नवा नंबर चढवून घेणं वेगळं आणि मोठं इंजिन घालणं वेगळं. कलम १८२-ए नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विम्याचा दावा अडकतो तो आणखी निराळा. तेव्हा मूळ इंजिन नीट बांधून घ्या, गाडी त्यातही सुखाने चालते.

काढलेल्या जुन्या इंजिनाचं काय करू?

लगेच भंगारात देऊ नका. मूळ अवस्थेतली सी-टेन शोधणारे लोक आहेत, त्यांना चालतं २५० हवं असतं. गिअरबॉक्स, बेलहाउसिंग, दांड्यावरच्या गिअरची जोडणी, रेडिएटर आणि दोन्ही स्टँड एकत्र ठेवून संच म्हणून विका. सुटे भाग विकायला गेलात तर शेवटी फक्त जड ब्लॉक तुमच्याकडे उरतो. पुढेमागे गाडी विकायचा विचार असेल तर विकूच नका. प्लगच्या भोकांतून थोडं ऑइल सोडा, क्रँक हाताने दोन-चार वेळा फिरवा, प्लग परत लावा, कार्बोरेटरचं आणि मॅनिफोल्डचं तोंड बांधा आणि लाकडी पाटावर बोल्ट करून भिंतीकडेला ठेवा. आणि काढलेल्या प्रत्येक वायरीला, बोल्टच्या प्रत्येक पिशवीला त्याच दिवशी चिठ्ठी लावा.